दहा-अकराचा पाना

४ जानेवारी

जीपची खरी किंमत एकदा लिहून ठेवतो. परवा धाकटीच्या एका मित्राने विचारली आणि मी उगाच एक आकडा ठोकून दिला. खरी किंमत अशी: हिचं शिवणयंत्र, सलग एकवीस रविवार, माझ्या डाव्या करंगळीचं टोक आणि माझा वेल्डर ठिणगी याच्याशी नऊ दिवसांचा अबोला. आकडा मी केव्हाच विसरलो. बाकीचं एकूण एक आठवतं.

भंगारातून ती ओढून आणली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. मागची चासी गंजून चाळणी झालेली, दारं नाहीत, इंजिनात उंदरांनी संसार थाटलेला. शिवणयंत्र विकायला काढलं तेव्हा ही म्हणाली, मला तसाही शिवायचा कंटाळाच आला होता. माझ्या सोयीचं खोटं बोलायची तिला तेव्हापासूनच सवय.

आता धाकटी त्या जीपला समुद्रापलीकडच्या वाळवंटात नेणार आहे. जुन्या तांड्यांच्या वाटांवर बुजलेल्या विहिरी आहेत, त्या शोधून नकाशावर घालायच्या. चौघं जण, दोन गाड्या, सहा आठवडे. एक गाडी तिकडची, दुसरी आपली. वीस फेब्रुवारीला बोट. ती चुकली तर पुढची महिन्याने, आणि तोवर तिकडे ऊन इतकं चढतं की मोहीम निघतच नाही. यापायी पोरीने पक्की नोकरी सोडली आहे.

मोहिमेचा प्रमुख फोनवर जरा कुरकुरत होता, इतकी जुनी गाडी कशाला म्हणून. मी म्हटलं, साहेब, माझ्या कानांनी पास केलेली गाडी रस्त्यात बसत नाही. एका ट्रकवाल्याने तीनशे किलोमीटरवरून फोन लावून रिसीव्हर इंजिनापाशी धरला होता. मी हातातला चहा खाली न ठेवता सांगितलं, तीन नंबरचा इंजेक्टर. तीन नंबरचाच निघाला. फोनवरून गाडीचा रोग सांगणारा माणूस अजून दुसरा दाखवा.

प्रमुख काहीतरी पुटपुटला. बहुतेक पटलं असावं. हल्लीची माणसं बोलतातही इतकं तोंडातल्या तोंडात की पटलं की नाही ते कळत नाही.

८ जानेवारी

काम सुरू झालं. मागचे स्प्रिंगचे पाटे काढून जाड पाटे घालायचे, म्हणजे गाडी चार बोटं उचलली जाईल. जास्तीची डिझेलची टाकी, पाण्याची टाकी, टपावर जाळी, वाळूत चाक रुतलं तर खाली सरकवायला भोकं पाडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या. हवेची नळी बोनेटवरून वर टपापर्यंत न्यायची, म्हणजे इंजिन धूळ खाणार नाही.

वेल्डिंग अर्थातच ठिणगीचं. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला मिसरूड नव्हतं, आता मिशी पांढरी झाली आहे. एरवी मला दादा म्हणतो. रागावला की मालक. आज सकाळपासून चार वेळा मालक झालं, कारण डिझेलची टाकी कुठे बसवायची यावर आमचं जमेना. मला ती उजवीकडे, चासीला घट्ट चिकटून हवी होती. तो म्हणाला, उद्या तिथे काही काम निघालं तर सगळी टाकी उतरवावी लागेल. मी म्हटलं, तिथे काम निघणारच नाही. तो चासीचा तुकडा मी स्वतः जोडला आहे. अख्ख्या गाडीत माझ्या हाताचं वेल्डिंग तेवढं एकच. तेव्हा ठिणगीच्या डोळ्यांत वेल्डिंगचा उजेड गेला होता, दोन दिवस तो घरी डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवून पडला होता, आणि मला दम निघेना. गंजलेला भाग कापला, नवा पत्रा चारी बाजूंनी पेटीसारखा बंद केला. अठ्ठावीस वर्षांत केसाएवढी भेग नाही.

टाकी उजवीकडेच बसली.

१३ जानेवारी

यंदा अंगणात पाखरं आली नाहीत. दरवर्षी या दिवसांत कलकलाटाने उठायला होतं. यंदा चिडीचूप. तरी ही रोज सकाळी थाळीत दाणे टाकते. सवय, दुसरं काय. दुपारपर्यंत थाळी रिकामी होते, मुंग्या नेत असतील.

किटलीची शिट्टीही बिघडली आहे. पाणी आटून बुड काळं झालं तेव्हा ही धावत आली. मी शेजारीच बसलो होतो. नवी किटली आणायला सांगितली आहे.

१४ जानेवारी

इंजिन उघडून बंद केलं. इंजिनातल्या झडपांचे टॅपेट मी कानाने लावतो. ठिणगी फट मोजायचा पातळ पात्यांचा गेज घेऊन उभा होता, म्हटलं ठेव तो खोक्यात. माझ्या उस्तादाने मला गेज कधी दिलाच नाही. डोळे मिटायला लावायचा आणि विचारायचा, कोण बोलतंय? मी सांगायचो, दोन नंबर बोलतोय. मग टाळक्यात एक मारायचा, म्हणजे उत्तर बरोबर. चुकलं तर दोन. त्याच्याकडून निघालो त्या दिवशी त्याने आपला दहा-अकराचा पाना माझ्या खिशात घातला आणि पाठ फिरवली. एका तोंडाला दहा, दुसऱ्याला अकरा, मधे दांड्यावर त्याच्या अंगठ्याने झिजून पडलेला खळगा. माझा अंगठा त्यात बरोबर बसायचा.

तो पाना ठिणगीने हरवला. चासीचं काम चाललं त्याच आठवड्यात. 'मीच नेला असेन' असं तो शेवटपर्यंत म्हणाला नाही, 'मी नेला नाही' एवढंच म्हणत राहिला. त्यावरून नऊ दिवस आम्ही एका शेडमध्ये मुक्यासारखे वावरलो. पुढे बोलणं आलं, पाना नाही आला. तेव्हापासून शेडमध्ये काही हरवलं की मी म्हणतो, दहा-अकराच्या शेजारी बघा. सगळे हसतात. ठिणगीही हसतो, जरा उशिरा.

आज इंजिन सुरू केलं तर लोण्यासारखं. एक टॅपेट वाजत नाही. इतकं शांत इंजिन मी उभ्या जन्मात लावलं नव्हतं.

१६ जानेवारी

ठिणगी म्हातारा व्हायला लागला. सकाळी माझ्याआधी तासभर येऊन बसतो, वर हत्यारं जागेवर ठेवायचं विसरतो. गेज बाहेर बाकावर पडला होता. बोनेटही नीट लावलेलं नव्हतं. मीच ते दाबून लावलं. वयाप्रमाणे होतं माणसाचं.

२३ जानेवारी

नवे पाटे, त्यांच्या कड्यांतले नवे रबरी बुश. धाकटीला घेऊन नदीपर्यंत फेरी मारली.

या गाडीला पहिल्यापासून एक खोड. ब्रेक मारला की मागून एक 'टक', आणि पुन्हा निघाली की दुसरी 'टक'. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पाट्याच्या कडीचा बुश. सात वेळा बदलला. आठ दिवस बरं वाटायचं की पुन्हा टक. गिऱ्हाइकं चिडवायची, दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज काढता आणि तुमचीच बोलते. मी म्हणायचो, ती बोलत नाही, हुंकार देते. धाकटी लहानपणी मागच्या बाकावर झोपायची. घर जवळ आलं की वळणावर ब्रेक, टक. ती झोपेतच विचारायची, आलं घर?

आज नव्या बुशांवर पहिल्यांदा गेलो. वळणावर ब्रेक मारला. काही नाही. पुन्हा निघालो. काही नाही. मुद्दाम दहा वेळा थांबलो आणि निघालो. अठ्ठावीस वर्षांची खोड गेली. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण वळण आलं तेव्हा घर आल्यासारखं वाटलं नाही.

धाकटी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, बाबा, तुम्हाला काही ऐकू येतंय? मी म्हटलं, काहीसुद्धा नाही, हीच तर गंमत. ती खिडकीबाहेर बघायला लागली. पोरगीही हळवीच.

३१ जानेवारी

हिने एक चिठ्ठी आणून या वहीत ठेवली. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे म्हणे, मळ काढून घ्या, बरं असतं. माझ्या कानांना काय धाड भरली आहे? पण चिठ्ठी जाड कागदाची आहे, खुणेला बरी पडते.

शेजारच्या घरातून तक्रार आली, तुमचा टीव्ही फार मोठा असतो. तो तर माझ्या हिशेबाने बंद करावा इतका हळू असतो.

६ फेब्रुवारी

बंदरावरच्या एजंटाने फर्मान पाठवलं: तिकडचा देश दुसऱ्या देशाची माती आत येऊ देत नाही. गाडीखाली चिमूटभर माती, एक बी, वाळलं पान सापडलं तरी गाडी परत. बंद पोकळी दिसली तर तिथेही तपासतात.

म्हणून आज सगळं घर जीपखाली. ही जुना दात घासायचा ब्रश घेऊन, धाकटी चमचा घेऊन, मी पाण्याचा फवारा घेऊन. अठ्ठावीस वर्षांची माती थरांनी निघाली. वरचा थर धुळीचा, नुसतीच धूळ. त्याखाली तांबडी माती, ती थोरलीच्या लग्नानंतर तिला पोचवायला गेलो तेव्हाची. त्याखाली काळी, चिकट. ती हिने लगेच ओळखली. त्या चिखलात आम्ही संध्याकाळपर्यंत अडकलो होतो, दोन्ही पोरी लहान, आणि ही गाडीला धक्का देताना एक चप्पल गमावून बसली होती. परत येताना तिने उरलेली चप्पलही फेकून दिली, म्हणाली, एकटी काय करणार ती. चाकाच्या कमानीच्या आत रेतीत गुरफटलेला एक छोटा शिंपला निघाला. समुद्रावर आम्ही एकदाच गेलो.

ही थोडा वेळ शिंपला हातात धरून बसली. मग म्हणाली, "सगळं धुऊन टाकायचं म्हणतात का हो? थोडीसुद्धा ठेवायची नाही?"

मी म्हटलं, गाडीला नाही चालणार. तिने शिंपला पदराला पुसला आणि काळ्या मातीचं एक ढेकूळ कुंडीत टाकलं.

१६ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

आज आम्ही चौघांनी जीप बंदराच्या आवारात नेली, ठिणगी आणि हीसुद्धा. कंटेनर उघडा, एजंट कागद घेऊन तयार. तपासनीस बाई तरुण, हातात बॅटरी आणि एक लहानशी हातोडी. खालून झोपून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. माती कुठेच नाही म्हणाली, अशी स्वच्छ जुनी गाडी मी पाहिली नाही. मला बरं वाटलं. मग म्हणाली, आता इंजिन बंद ठेवून हाताने ढकलत कंटेनरपर्यंत आणा.

आम्ही ढकलली. स्टिअरिंगवर ठिणगी होता, दाराशी त्याने ब्रेक मारला.

बाई म्हणाली, "आत काय आहे?"

मी म्हटलं, कशाच्या आत? तिने गाडी मागे घ्यायला लावली, पुन्हा पुढे, पुन्हा ब्रेक. उजव्या चासीवर हात ठेवला. मला विचारलं, आता? मी धाकटीकडे पाहिलं. ती बुटांकडे बघत होती. ठिणगी स्टिअरिंगकडे. ही लांब कुठेतरी बोटीकडे बघत असल्यासारखी, आणि त्या बाजूला बोट नव्हतीच.

बाईने शांतपणे सांगितलं. ही पेटी चारी बाजूंनी बंद आहे आणि आत काहीतरी सरकतंय. खडा असेल, बी असेल, आणखी काही असेल. उघडून दाखवल्याशिवाय सही नाही. अठरा तारखेला संध्याकाळी पाचला फाटक बंद होईल.

परतताना गाडी धाकटीने चालवली. वळणावर ब्रेक मारून ती थांबली, इंजिन बंद केलं.

"बाबा, तो आवाज कधी गेलाच नव्हता," ती म्हणाली. "आत्तासुद्धा झाला."

मी विचारलं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही इतके खूश होता. आणि मला तो सोबत हवाच होता. तिकडे रात्री ब्रेक मारला की घर आल्यासारखं वाटलं असतं."

मागच्या बाकावरून ठिणगी म्हणाला की आता सगळंच सांगून टाकतो. इंजिनाचा दोन नंबरचा टॅपेट घोड्यासारखा वाजत होता. तो दोन सकाळी गेज घेऊन लावला. पुढच्या चाकाचं बेअरिंगही गुणगुणत होतं, तेही बदललं. "पोरगी वाळवंटात चाललीये, दादा. तुमचं मन राखायला मी तिला तशी कशी जाऊ देणार?"

दादा म्हणाला. मालक म्हणाला असता तर भांडता आलं असतं.

मी हिला विचारलं, पाखरं? ती म्हणाली, आलीत. रोज येतात.

१७ फेब्रुवारी

त्या तुकड्याला हात लावायचा तर आधी डिझेलची टाकी उतरवायला हवी. टाकी तिथे कोणी बसवायला लावली हे कोणी काढलं नाही. मीच काढलं. कोणी हसलं नाही, तेव्हा ठिणगी म्हणाला, "थोडं हसा रे, मालकांना चैन पडत नाहीये." मग हसले.

टाकी उतरवायला दुपार झाली. नळ्या सोडल्या, उरलंसुरलं डिझेल डब्यात काढलं, टाकी शेडच्या पार बाहेर नेऊन ठेवली. ठिणगीने चष्मा चढवला आणि पत्रा कापायचं मशीन माझ्यापुढे धरलं. म्हणाला, बंद तुम्ही केलंय, उघडा तुम्हीच. मी ते परत त्याच्याकडे सरकवलं, शेवटी त्यानेच कापलं. खालून तळहाताएवढी खिडकी पाडली. पत्र्याचा चौकोन गळून पडला, त्यामागून गंजाची भुकटी, आणि मग काहीच नाही. ठिणगीने टायरवर लाथ मारली.

सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं. म्हणून मीही पाहिलं.

फरशीवर दहा-अकराचा पाना पडला होता.

ती पेटी बंद झाली त्या दोन दिवसांत ठिणगी शेडमध्ये आलाच नव्हता. डोळ्यांवर पट्ट्या ठेवून घरी पडला होता. हे मी स्वतः याच वहीत लिहिलं आहे, आठ जानेवारीला. पाना आत मी विसरलो, पेटी मी बंद केली आणि तो आल्या आल्या त्यालाच विचारलं, कुठे नेलास?

अठ्ठावीस वर्षांचं एकदम बोलायचं म्हणजे सुरुवात कुठून करणार? ठिणगीने पाना उचलला, चिंधीने पुसला, इकडेतिकडे नीट निरखला आणि माझ्या हातात दिला.

"शेजारी बाकी काही सापडलं नाही, दादा," तो म्हणाला.

अंगठा खळग्यात अजून बरोबर बसतो. मी तो ठिणगीच्या खिशात घातला आणि पाठ फिरवली. उस्तादाने पाठ का फिरवली होती ते आज कळलं.

१८ फेब्रुवारी

खिडकी ठिणगीने बंद केली, शिवण अशी की बोट फिरवून लागत नाही. सकाळी टाकी चढवली. चारच्या सुमाराला फाटकात शिरलो. बाईने ढकलायला लावली, ब्रेक लावायला लावला, मान हलवली, सही केली. मी विचारलं, काही आवाज? ती म्हणाली, काही नाही. या वेळी तिच्यावर विश्वास ठेवला.

मग धाकटी ठिणगीपाशी गेली आणि हात पुढे केला. दोघांचं काय बोलणं झालं ते मला पोचलं नाही. एवढं दिसलं की त्याने खिशातून पाना काढून दिला. तिने तो चालकाच्या बाकामागे एका तारेला टांगला, बाकाच्या लोखंडी दांड्याला लागेल अशा बेताने. बाईने पाहिलं आणि म्हणाली, उघड्यावरचं हत्यार आहे, माझी हरकत नाही.

बॅटरीची वायर सोडली, चाकांना पट्टे आवळले. कंटेनरचं दार लागलं. घरी आम्ही एजंटाच्या गाडीतून आलो. वळणावर त्याने ब्रेक मारला तेव्हा हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

२ मार्च

वहीतल्या खुणेवरची तारीख उलटून गेली होती. ही म्हणाली, तिने नवी घेतली आहे. गेलो. डॉक्टरांनी कानांवर डबडी चढवली आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बराच वेळ वाट पाहत बसलो. मला वाटलं, मशीन अजून सुरू व्हायचं आहे.

दोन्ही कानांना यंत्रं लागतील. मापाची यायला पाच आठवडे.

२१ मार्च

दुपारी धाकटीचा फोन. गाडी तिकडच्या बंदरातून सोडवली, पहिल्या झटक्याला सुरू झाली. उद्या पहाटे वाळवंटात शिरणार. मोहिमेच्या प्रमुखाने पंधरा मिनिटं बोनेटपाशी उभं राहून इंजिन ऐकलं आणि विचारलं, हे कोणी लावलंय? तिने सांगितलं, बाबा आणि काकांनी. ठिणगी चहा घेत होता, त्याला सांगितलं तर कपात बघून हसला. या वेळी उशीर लावला नाही.

मग धाकटी म्हणाली, बाबा, ऐका हं, फोन बाकामागे धरते आणि ब्रेक मारते.

गाडी छान चालली आहे, आणि ब्रेक मारला तेव्हा पाना 'टक' वाजला म्हणे. मी फोन हिच्याकडे दिला होता, ऐकून तिनेच सांगितलं.